पार्व्हो झालेल्या पिल्लाची घरी शुश्रूषा: सलाईन, ब्लीच आणि दर चार तासांची नोंद

पार्व्हो म्हणजे कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना, त्याच नावाच्या विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा आजार. तो झालेलं पिल्लू पहिल्या दिवशी फार आजारी वाटत नाही. जेवण टाकतं, एका कोपऱ्यात पडून राहतं, अंग कोमट लागतं. मग उलट्या सुरू होतात. त्यानंतर साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जुलाब लागतात, आधी पातळ आणि मग रक्ताळ, सडका वास असलेले. बहुतेक लोक रक्त दिसल्यावर दवाखाना गाठतात. खरं तर निम्मी लढाई त्याआधीच्या दिवसात असते. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू सुस्त पडलं आणि त्याने दोन वेळा उलटी केली, की जुलाबाची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यायचं.

हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. वेगाने विभागणाऱ्या पेशी हे त्याचं लक्ष्य. आतड्याच्या अस्तराला रोज नवीन पेशी पुरवणारा थर तो मारतो आणि अस्थिमज्जेतल्या पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या पेशीही मारतो. म्हणजे आतड्याची भिंत उघडी पडते, तिथले जीवाणू रक्तात शिरतात आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्याशी लढणारं सैन्य संपलेलं असतं. पिल्लू दगावतं ते पाणी आणि क्षार निघून गेल्याने, रक्तातली साखर घसरल्याने आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याने. आतड्याचं अस्तर पुन्हा उगवायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस या तिन्ही गोष्टी आवरून धरायच्या, हाच उपचार आहे. पुढची प्रत्येक सूचना या तिघांपैकी कशाशी तरी जोडलेली आहे.

घरी की दवाखान्यात?

उपचारच नाही केले तर वाचणारी पिल्लं फार थोडी. दवाखान्यात भरती करून शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर दहापैकी आठ-नऊ वाचतात. भरती करणं शक्य असेल तर तोच मार्ग.

ते शक्य नसेल तर काय, याचंही उत्तर आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने चाळीस कुत्र्यांचे दोन गट करून तुलना केली. एका गटाला पूर्ण भरती. दुसऱ्या गटाला सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरलं आणि मग बाह्यरुग्ण पद्धतीने, त्वचेखाली सलाईन, एकदाच टोचायचं लांब पल्ल्याचं अँटिबायोटिक आणि रोज उलटीविरोधी इंजेक्शन दिलं. पहिल्या गटात नव्वद टक्के, दुसऱ्यात ऐंशी टक्के वाचली. हा आकडा वाचून लोक हुरळतात आणि त्यातलं एक वाक्य विसरतात: दुसऱ्या गटालाही आधी शिरेतून सलाईन मिळालं होतं, आणि नंतर दिवसातून अनेकदा तपासणी होत होती. डॉक्टरांशिवाय घरी केलेली शुश्रूषा आणि ही पद्धत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून घरी सांभाळायचं असेल तर तीन अटी: सुरुवात दवाखान्यात, रोज एकदा तरी डॉक्टरांची तपासणी, आणि घरात रात्रंदिवस कोणीतरी जागं.

निघण्यापूर्वी

दवाखान्यात आधी फोन करून 'पार्व्होचा संशय आहे' असं सांगा. पिल्लाला आत बोलावेपर्यंत गाडीतच ठेवा आणि उचलून न्या, जमिनीवर चालवू नका. वेटिंगमध्ये लसीला आलेली इतर पिल्लं असतात. ताज्या शौचाचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत घ्या. पिल्लाचं वय, लसीच्या तारखा, शेवटचं जंतांचं औषध, किती वाजल्यापासून किती उलट्या, हे कागदावर लिहून न्या. घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी तारखा आठवत नाहीत.

शौचाची झटपट चाचणी दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते. 'पॉझिटिव्ह' असेल तर बहुतेक वेळा खरीच, पण लस टोचल्यानंतरच्या तीन ते दहा दिवसांत लसीच्या विषाणूमुळेही फिकट रेघ उमटू शकते. 'निगेटिव्ह' मात्र आजार नसल्याची हमी नाही. अगदी लवकर केली, किंवा जुलाब फार पातळ झाले असतील, तर ती चुकते. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर पीसीआर चाचणी किंवा पांढऱ्या पेशींची मोजणी सुचवतील. पेशी घटलेल्या असणं हा भक्कम पुरावा, आणि पुढे त्या वाढू लागणं ही सर्वांत आधी कळणारी चांगली बातमी. जंतांसाठीही शौच तपासून घ्या. जंत आणि पार्व्हो एकत्र असतील तर आतड्याची दुप्पट दुर्दशा होते.

खोली

दार बंद होणारी, गालिचा नसलेली, धुता येणारी फरशी असलेली खोली निवडा. सोफा, पडदे, पुस्तकं बाहेर काढा. जे ब्लीचने धुता येत नाही ते आत नको. अंथरुणाला जुने टॉवेल आणि त्याखाली टाकून देता येणारे पॅड किंवा वर्तमानपत्रं. खोलीत कायम राहील असा स्वतंत्र जोड चपलांचा, एक जुना शर्ट किंवा ॲप्रन, हातमोज्यांचा डबा, झाकणाची कचरापेटी. दाराबाहेर ब्लीच-पाण्यात पाय बुडवण्याचा ट्रे अनेक जण ठेवतात. त्याचा उपयोग थोडाच, कारण तळव्याला चिकटलेली घाण दोन सेकंदांत निर्जंतुक होत नाही. चपला बदलणं कितीतरी खात्रीचं.

पिल्लू गार पडू देऊ नका. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून अंथरुणाच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. विजेचे हीटिंग पॅड टाळा: निपचित पिल्लू चटका बसला तरी हलत नाही.

मागचा भाग प्रत्येक जुलाबानंतर कोमट पाण्याने धुऊन थोपटून कोरडा करा. लांब केस असतील तर कात्रीने नव्हे, ट्रिमरने काढा. त्वचा लाल झाली तर साधं पेट्रोलियम जेली लावा. लहान बाळांच्या रॅशवरच्या बऱ्याच मलमांमध्ये झिंक ऑक्साइड असतं आणि ते चाटल्यावर कुत्र्याला विषारी ठरतं.

पाण्याचा हिशेब

पाच किलोचं पिल्लू आठ टक्के कोरडं पडलंय असं डॉक्टर म्हणाले, तर त्याचा अर्थ ४०० मिली पाणी शरीरातून गेलंय. शिवाय रोजची गरज किलोमागे किमान ६० मिली, म्हणजे ३०० मिली. लहान पिल्लांना याहून जास्त लागतं. झाले ७०० मिली. वर दिवसभरातल्या उलट्या-जुलाबांत जाणारं वेगळं. हे सगळं चमच्याने पाजून भरून निघणार नाही, शिवाय पाजलेलं उलटीत बाहेर येतं ते पोटातले क्षारही सोबत घेऊन. म्हणून सलाईन. आणि ज्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पाय गार आहेत, त्याला त्वचेखालचं सलाईनही पुरत नाही, कारण रक्तप्रवाहच त्वचेपर्यंत पोहोचत नसतो. तिथे शिरच लागते.

त्वचेखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते आधी त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने देऊन पाहा. बाह्यरुग्ण पद्धतीत साधारणपणे दर आठ तासांनी किलोमागे ३० ते ४० मिली देतात. पाच किलोच्या पिल्लाला एका वेळी १५० ते २०० मिली. तुमच्या पिल्लाचा आकडा डॉक्टरच ठरवतील.

क्रम असा. पिशवीवरचं नाव वाचा: रिंगर लॅक्टेट किंवा डॉक्टरांनी लिहिलेलंच. पाच टक्के डेक्स्ट्रोजची पिशवी त्वचेखाली कधीच नाही. नुसतं साखरेचं पाणी क्षार ओढून घेतं आणि त्या जागी गळू होऊ शकतं. पिशवी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून अंगाएवढी ऊबदार करा आणि मनगटावर थेंब टाकून तपासा. मायक्रोवेव्हमध्ये नको, आतलं पाणी कुठे गार, कुठे उकळतं राहतं. पिशवी पिल्लापासून हातभर तरी उंच टांगा. नळीतून थोडं पाणी सोडून हवा काढा, नळीवरची प्रवाह कमी-जास्त करणारी चाकी बंद करा, नवी सुई लावा. १८ किंवा २० गेजची सुई जाड दिसते, पण बारीक सुईने तेवढंच पाणी जायला दुप्पट वेळ लागतो आणि पिल्लू तोवर वैतागतं.

दोन खांद्यांच्या मध्ये, किंचित एका बाजूला, अंगठा आणि दोन बोटांनी कातडी वर उचला. खाली एक तंबू तयार होतो. सुईचं तिरपं तोंड वर ठेवून तंबूच्या पायथ्याशी, पाठीच्या कण्याला समांतर आत सरकवा. चाकी उघडा. पलीकडचे केस ओले झाले तर सुई आरपार गेली; थोडी मागे घ्या. पाणी थांबून थांबून येत असेल तर सुई जराशी फिरवली की सुटतं. एका जागी किलोमागे १० ते २० मिलीच्या वर देऊ नका, उरलेलं दुसऱ्या बाजूला द्या. सुई काढल्यावर ती जागा मिनिटभर चिमटीत दाबून धरा. चार-दोन थेंब गळणं, ते किंचित गुलाबी असणं, यात काही वावगं नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत, आणि दर वेळी नवी.

तिथे लिंबापासून सफरचंदापर्यंतचा फुगवटा येतो. तो काही तासांत उतरतो. कधी घरंगळून पुढच्या पायात किंवा छातीखाली येतो, त्याने घाबरायचं नाही. आठ तासांनी पुढची वेळ आली आणि आधीचा फुगवटा अजून तसाच आहे, तर मात्र आणखी पाणी भरू नका. शरीर ते शोषून घेत नाही, म्हणजे पिल्लू गार पडलंय किंवा रक्तदाब घसरलाय. तापमान घ्या, डॉक्टरांना कळवा, निघायची तयारी करा.

काही दवाखाने दिवसभर सलाईन लावून रात्री पिल्लू पायात सुईसह घरी सोडतात. त्या पायाची पट्टी कोरडी ठेवा आणि चावू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. दर चार तासांनी पट्टीखालची बोटं दाबून पाहा. बोटं सुजलीत, दोन बोटांमधलं अंतर वाढलंय, तर पट्टी घट्ट झालीय. पट्टीच्या वर सूज असेल, हात लावल्यावर पिल्लू कळवळत असेल, वास येत असेल, तर सुई शिरेबाहेर सरकलीय किंवा जंतुसंसर्ग सुरू झालाय. पांढऱ्या पेशी संपलेल्या पिल्लाला तेवढीशी जखमही महागात पडते. रात्र असली तरी फोन करा.

नोंदवही

घरातल्या शुश्रूषेत सर्वांत कमी लेखलेलं साधन म्हणजे वही. दर चार तासांनी, रात्रीही, एक ओळ लिहायची: वेळ, तापमान, हिरड्या, उलट्या किती आणि कशा, शौच, लघवी, सलाईन, खाणं, औषधं. डॉक्टर 'कसं आहे?' विचारतात तेव्हा 'बरं वाटतंय' या उत्तराचा त्यांना काडीचा उपयोग नसतो. 'पहाटे चारनंतर उलटी नाही, आठ वाजता वजन ४.७' याचा असतो.

वजन रोज सकाळ-संध्याकाळ, त्याच काट्यावर, शक्यतो सलाईन देण्यापूर्वी. दोन वजनांमध्ये चरबी किंवा मांस एवढं घटत नाही. फरक असतो तो पाण्याचा. १०० ग्रॅम घटलं म्हणजे १०० मिली कमी पडतंय. माणसांच्या काट्यावर पिल्लाला कडेवर घेऊन करायची वजाबाकी लहान पिल्लांसाठी ढोबळ ठरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून केलेलं वजन बरं (ती टोपली आणि काटा नंतर ब्लीचने पुसायचा, हे वेगळं सांगायला नको).

तापमान गुदद्वारात, डिजिटल थर्मामीटरने, टोकाला जेली लावून साधारण दोन सेंटीमीटर आत. ३८ ते ३९.२ सेल्सिअस ठीक. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर ओठाची आतली बाजू पाहा. कातडी ओढून ती किती वेळात खाली बसते हे पाहण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, पण गुटगुटीत पिल्लांत ती फसवते आणि रोडावलेल्यांत उगाच घाबरवते. हिरड्यांचा ओलावा अधिक विश्वासू: बोट चिकट लागलं तर पाणी कमी आहे. लघवी सहा-आठ तासांत एकदा तरी व्हायला हवी. पॅडवर जुलाब आणि लघवी मिसळतात, तेव्हा पॅड वारंवार बदलणं हाच ती पकडण्याचा मार्ग.

यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही:

- तापमान ४० च्या वर, किंवा त्याहून वाईट म्हणजे ३७.२ च्या खाली. ताप असलेलं पिल्लू एकाएकी गार होणं ही सुधारणा नव्हे.
- हिरड्या पांढऱ्या, राखाडी किंवा विटेसारख्या लाल.
- लटपटणं, थरथर, झटका, हाक मारल्यावर डोळे न फिरवणं. हे साखर घसरल्याचं लक्षण. हिरडीवर ग्लुकोजचं दाट पाणी किंवा साखरेचा पाक एक-दोन मिली चोळा आणि निघा. शुद्ध नसलेल्या पिल्लाच्या घशात काही ओतू नका.
- उलट्या थांबून पुन्हा एकदम जोरात सुरू होणं, कुंथणं, पोटात हाताला वळकटीसारखं लागणं. आतड्यात आतडं शिरलं तर असं होतं आणि तिथे शस्त्रक्रियाच लागते.
- श्वास जलद, खोकला. उलटी श्वासनलिकेत गेली असू शकते.

खाणं

'चोवीस तास पोटाला आराम द्या' हा जुना सल्ला आता मागे पडलाय. आतड्याच्या पेशींना त्यांचं पोषण बरंचसं थेट आतड्यातल्या अन्नातून मिळतं. उपाशी आतडं अधिक झिजतं आणि जंतूंना अधिक वाट देतं. नाकातून नळी घालून लवकर अन्न दिलेली पिल्लं लवकर सावरल्याचं अभ्यासांत दिसलंय. दवाखान्यात नळीचा पर्याय असेल तर नाही म्हणू नका. दिसायला भीतिदायक असली तरी पिल्लाला तिचा फारसा त्रास होत नाही.

पण उलटीविरोधी औषध लागू पडल्याशिवाय तोंडाने काही नाही. मॅरोपिटंट किलोमागे १ मिलिग्रॅम दिवसातून एकदा त्वचेखाली, हे यातलं नेहमीचं औषध. त्याने भागलं नाही तर डॉक्टर ऑनडॅन्सेट्रॉन जोडतात. या काळात गोळ्या देण्यात अर्थ नसतो. गोळी उलटीत पडली की आतड्यात किती उतरली ते कोणालाच सांगता येत नाही. इंजेक्शनंच मागा.

उलटी आवरली की सुरुवात पाण्याने: एकदोन चमचे, अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच. भरलेलं भांडं समोर ठेवू नका. तहानलेलं पिल्लू ते एका दमात पितं आणि एका दमात बाहेर काढतं. पाणी टिकलं की आजारी कुत्र्यांसाठी मिळणारं मऊ, सहज पचणारं पथ्याचं अन्न पातळ करून, किलोमागे १ मिली, दर सहा तासांनी. पाच किलोच्या पिल्लाला ५ मिली, म्हणजे जेमतेम एक चमचा. हे पोट भरण्यासाठी नाहीच, आतड्याला चाळवण्यासाठी आहे. सिरिंज गालाच्या फटीत, डोकं सरळ, थेंबाथेंबाने, प्रत्येक गिळण्यानंतर थांबून. पिल्लू लाळ गाळत असेल, ओठ चाटत असेल, मान फिरवत असेल तर त्याला मळमळतंय, थांबा. बळजबरीने भरवल्याने दोन गोष्टी होतात: अन्न फुप्फुसात जातं, आणि पिल्लू त्या अन्नाचा वास आजाराशी जोडून बरं झाल्यावरही ते नाकारतं.

स्वतःहून खाऊ लागलं की पहिल्या दिवशी गरजेच्या पाव हिश्श्याहून जास्त नाही. पाच किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज साधारण २३० कॅलरी, म्हणजे पहिल्या दिवशी ६० च्या आसपास, सहा वेळांत विभागून. दुसऱ्या दिवशी निम्मं, मग पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण. पथ्याचं तयार अन्न नसेल तर कातडी-चरबी काढलेलं उकडलेलं कोंबडीचं मांस आणि मऊ शिजवलेला भात मिसळून बारीक करा. मीठ-मसाला काही नाही. दूध नको: अस्तर गेलेल्या आतड्याला दुधातली साखर पचत नाही. इथे हमखास गफलत होते ती प्रेमापोटी. तीन दिवसांनी शेपूट हललेली पाहून घरातला कोणीतरी वाटीभर खायला घालतो आणि रात्री पुन्हा उलट्या.

न द्यायच्या गोष्टी

जुलाब बांधणारी माणसांची औषधं, विशेषतः लोपेरामाइड, देऊ नका: आतडं थांबलं की विष आणि जंतू आतच मुरतात. तापावर आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक नाही. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांना आणि रक्ताळलेल्या आतड्याला आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक उद्ध्वस्त करतात, तर पॅरासिटामॉल यकृताला. दुखण्यावरचं सुरक्षित औषध डॉक्टरांकडे असतं, पोट आकसून पडलेलं दिसलं तर मागा. माणसांच्या फ्लूवरचं ओसेल्टामिविर मधूनमधून कोणीतरी सुचवतं. ते फ्लूच्या विषाणूतल्या एका एन्झाइमला अडवतं. पार्व्होत ते एन्झाइमच नाही. पार्व्होवर थेट काम करणारं म्हणावं असं एक मोनोक्लोनल अँटिबॉडीचं (प्रयोगशाळेत बनवलेल्या, विषाणूला चिकटून त्याला अडवणाऱ्या प्रतिपिंडांचं) इंजेक्शन आहे, अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ मध्ये त्याला सशर्त परवानगी दिली. तुमच्या डॉक्टरांकडे ते मिळत असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, कारण विषाणूने पेशी फोडून झाल्यावर त्याचा फायदा घटत जातो.

अँटिबायोटिक विषाणूसाठी नसतं, रक्तात शिरणाऱ्या जीवाणूंसाठी असतं. म्हणून 'व्हायरसला अँटिबायोटिक कशाला' असा वाद घालून ते अर्ध्यात सोडू नका.

स्वच्छता

हा विषाणू चिवट आहे. त्याला चरबीचं बाह्य आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझर, स्पिरिट, साबण, फिनाइल आणि बहुतेक सुगंधी फ्लोअर क्लीनर यांनी त्याचं काही बिघडत नाही. घरात तो निदान दोन महिने टिकतो, सावलीतल्या ओलसर मातीत त्याहून कितीतरी जास्त. परवडणारं आणि खात्रीचं शस्त्र एकच: ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट.

५ ते ६ टक्के तीव्रतेचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. लिटरभर पाण्याला ३३ मिली, पाच लिटरच्या बादलीला १६५ मिली. बाटलीवर तीव्रता कमी लिहिली असेल तर त्या प्रमाणात वाढवा. जुनी, उघडी राहिलेली बाटली वापरू नका, क्लोरीन उडून जातो. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा.

क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया. घाण आधी कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. मग डिटर्जंटने घासून धुवा, पाणी निपटू द्या. आणि मगच ब्लीच, फरशी दहा मिनिटं ओली राहील इतकं. मधेच वाळलं तर पुन्हा ओतायचं. शौच किंवा उलटीवर थेट ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोहोचत नाही. शिवाय लघवीत अमोनिया असतो आणि त्यातून घातक वायू निघतो. ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरशी मिसळलं तर क्लोरीन वायू. म्हणून खिडक्या उघड्या आणि पिल्लू तेवढा वेळ दुसऱ्या कोपऱ्यात किंवा बाथरूममध्ये. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून कोरडं करा, नाहीतर पंजे भाजतात.

कपडे वेगळे, गरम पाण्यात, पांढरे असतील तर ब्लीचसह. रंगीत, महागडं किंवा कापूस भरलेलं अंथरूण वाचवण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावं. गालिचा, सोफा यांना वाफेच्या यंत्राने सावकाश, एकेका जागी रेंगाळत. माती आणि गवतावर ब्लीच चालत नाही, मातीच ते खाऊन टाकते. शौच उचला, वरचा थर काढता आला तर काढा, भरपूर पाणी मारा आणि ऊन लागू द्या.

घरातली इतर जनावरं

माणसाला कुत्र्याचा पार्व्हो होत नाही, पण माणूस तो चपलांवर, बाह्यांवर घरभर नेतो. कामाचा क्रम कायम एकच ठेवा: आधी निरोगी कुत्र्यांचं खाणं-फिरणं, शेवटी आजारी पिल्लू. नंतर हात धुवा, कपडे बदला. शक्य असेल तर दोन माणसांत कामं वाटून घ्या. नव्या प्रकारच्या पार्व्होची लागण मांजरांनाही होऊ शकते, तेव्हा मांजर त्या खोलीत नको आणि तिच्या लसी तपासा.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, क्वचित चौदा. शौचातून विषाणू मात्र लक्षणांच्या आधीच पडायला लागतो. म्हणून त्याच्यासोबत राहिलेल्या प्रत्येक पिल्लाला बाधित धरा: चौदा दिवस वेगळं, रोज दोनदा तापमान. अजून ठणठणीत असतील तर लस लगेच देण्याबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. पूर्ण लसीकरण झालेल्या प्रौढ कुत्र्यांना धोका फार कमी.

उतार पडल्यावर

सावरण्याची खूण म्हणजे आधी उलट्या थांबतात, मग पिल्लू वासाकडे मान वळवतं, मग उठून अंथरुणाबाहेर शौचाला जायचा प्रयत्न करतं. जुलाब सर्वांत शेवटी थांबतात, कधी आणखी आठवडाभर पातळ राहतात. पहिले तीन-चार दिवस तरलेली बहुतेक पिल्लं वाचतात. औषधांचा कोर्स पूर्ण करा. जंतांचं औषध आतडं स्थिरावल्यावर, आणि रोजचं अन्न आठवडाभरात थोडं थोडं मिसळत परत आणा.

बरं झाल्यावर त्याला शांपूने आंघोळ घाला. केसांत अडकलेल्या विषाणूला शांपू मारत नाही, धुऊन काढतो. शौचातून विषाणू साधारण दोन आठवडे, काहींत तीन-चार आठवडे पडत राहतो. तोवर सार्वजनिक जागी फिरवू नका, इतर कुत्र्यांशी भेट नको. पार्व्होविरुद्ध त्याला आता दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती आलेली असते, पण डिस्टेंपर आणि इतर आजारांच्या लसी राहिलेल्या असतात. पूर्ण ताकद आल्यावर त्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून नव्याने लावून घ्या.

त्या घरात नवं पिल्लू आणायचं असेल तर लसीकरण पूर्ण झालेलंच आणा. लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यायचे असतात, आणि शेवटचा सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडं तोवर लसीला निष्प्रभ करू शकतात, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरतील याचा नेम नसतो. 'दोन डोस झालेत' असं सांगून दिलेलं दहा आठवड्यांचं पिल्लू कागदावर सुरक्षित असतं. अशा पिल्लाला शेवटच्या डोसनंतर आणखी दोन आठवडे जाईपर्यंत त्या घरात आणू नका.